परत पाठवलेला अकीक

टॅमरॅक बे, मिशिगन
१४ जानेवारी

प्रिय आर्वो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता ठेवून देशील, हे गृहीत धरूनच लिहिते आहे. न वाचणाऱ्याला लिहिण्यात एक सुख असतं, मधेच कोणी तोंड घालत नाही. बाबांच्या दफनाच्या दिवशी मी फिनिश भजनाऐवजी संस्कृत श्लोक म्हटला, म्हणून तू दफनभूमीतून जो निघालास तो थेट ॲरिझोनात जाऊन थांबलास. श्लोक दोनच ओळींचा होता रे. क्षमा मी अजूनही मागत नाहीये. फक्त बर्फ फार पडलाय, सौनाची, आपल्या वाफेच्या न्हाणीची, चूल धूर ओकते आहे, आणि ग्रंथालयात येणाऱ्या माणसांना मासेमारीच्या पुस्तकांपलीकडे माझ्याशी काही बोलायचं नसतं.

दर जानेवारीप्रमाणे ऑर्डवे कॉलेजनं यंदाची उमेदवार माझ्या पदरात टाकली. तू याला घोड्याचे दात मोजणं म्हणायचास. अर्ज हजारोंनी येतात, जागा मूठभर, आणि त्या मुठीत कोण मावेल हे ठरवायला कॉलेज आमच्यासारख्या माजी विद्यार्थ्यांना कामाला लावतं. आपापल्या भागातल्या पोरांना तासभर भेटा, अहवाल पाठवा, मानधन शून्य. या टापूत ऑर्डवेची मी एकटीच. तिथे संस्कृत शिकून इथे ग्रंथपाल होण्याचा मूर्खपणा दुसऱ्या कोणी केला नाही, त्यामुळे पद सुरक्षित आहे.

नियम तुला नको असले तरी सांगते. मुलाखत घरी घ्यायची नाही. गुण विचारायचे नाहीत. आईबाप काय करतात, आहेत की नाहीत, विचारायचं नाही. नंतर संपर्क ठेवायचा नाही. भेटवस्तू घ्यायची नाही. म्हणून मी ग्रंथालयातल्या काचेच्या अभ्यासिकेत बसते. बाहेरून सगळ्यांना दिसतं, आतलं कोणाला ऐकू येत नाही. मासे पाळतात तसं.

यंदाची मुलगी काइसा रौतिओ. वरच्या जुन्या खाणवस्तीतली, सतरा वर्षांची, तिला भूगर्भशास्त्र शिकायचंय. बोलताना सगळा वेळ तिचा उजवा हात कोटाच्या खिशात काहीतरी चोळत होता.

"खिशात काय आहे ग?" मी शेवटी विचारलंच.

ती दचकली. "अकीक. सरोवराच्या काठी मिळाला. आई बरोबर होती तेव्हा."

आता आईबद्दल विचारायचं नाही हा नियम. म्हणून मी दगडाबद्दल विचारलं. मग काय! थंड झालेल्या लाव्हाच्या पोकळीत पाणी कसं झिरपतं, एकेक तांबडा पट्टा बसायला किती काळ जातो, सगळं सांगितलं. डोळे असे लखलखले की पलीकडे मासिकं लावणारी आमची डॉटी काचेशी येऊन उभी राहिली.

"हा खिशात नसला तर मी परीक्षेला बसत नाही," ती म्हणाली. "वेडेपणा आहे, माहितेय मला."

"मी परीक्षा संपेपर्यंत मोजे बदलत नसे. तोही वेडेपणा नव्हता, नुसता वास होता."

हसली. छान हसते. अखेरीला आम्ही सगळेच विचारतो तो प्रश्न मी विचारला, की मी विचारायला हवं होतं आणि राहून गेलं असं काही आहे का? बहुतेक पोरं इथे पोहण्याची पदकं बाहेर काढतात. ती म्हणाली, "नाही. माझं सगळं आवरून झालंय."

अहवालात मी लिहिलं, अशी मुलगी पुष्कळ वर्षांत पाहिली नाही; शांत, निर्मळ, स्वतःचं सगळं आवरून ठेवणारी. विशेषणं थोडी जास्त झाली, पण डेट्रॉइटच्या प्रुइटबाई, आमच्या विभागप्रमुख, ती कापतातच.

आज टपालानं तिचं आभाराचं कार्ड आलं. आभाराचं कार्ड सगळेच पाठवतात, शाळेत शिकवतात तसं. पण यात टिश्यूत गुंडाळलेला तो अकीक! 'हा तुमच्याकडे असावा. तुम्ही नीट ऐकलंत.' मला हसू आलं, थोडा रागही आला. इतकी हुशार पोर, आणि असला बाळबोध लाचेचा प्रकार. लगेच खोक्यात घालून नोंदणी टपालानं तिच्या पत्त्यावर परत पाठवला. सोबत सभ्य चिठ्ठी, की आम्हाला भेटवस्तू स्वीकारता येत नाहीत. डॉटी म्हणाली, "दगड तर आहे, ठेवायचा." मी म्हटलं, "आज दगड, उद्या डोंगर."

तुला मान्य असो नसो, तुझी बहीण
हेल्मी


२९ जानेवारी

प्रिय आर्वो,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे आपला पत्रव्यवहार सुरळीत चालू आहे.

मला भीती वाटते आहे. सांगायला लाज वाटते, म्हणून तुलाच सांगते. तुझ्यापुढे लाज केव्हाच संपली.

रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा काउंटीचा मोठा ट्रक असतो ना, पुढे लोखंडी फाळ आणि टपावर फिरता पिवळा दिवा, तसला एक हल्ली माझ्या घरासमोर येऊन उभा राहतो. दिवेलागणीला येतो, कधी उजाडायच्या आधी. इंजिन चालू. कोणी उतरत नाही. काचेवर वाफ धरलेली, आत एक टोपी दिसते. थोड्या वेळानं निघून जातो. आणि सकाळी बघते तो माझ्या गॅरेजपुढची सगळी वाट साफ! काउंटीचा माणूस खाजगी वाट साफ करत नाही, केली तर नोकरी जाते. दुसऱ्या कोणाच्या दारात हे होत नाही. शेजारच्या मिसेस बेनॉयनी तर टोमणा मारला, "आमच्या दारी कोण येतंय अशी सेवा करायला!"

आमच्या संस्कृत रससिद्धान्तात भयानक रसाचा वर्ण काळा सांगितलाय. माझ्या घरी तो पिवळा आहे आणि छतावर गोल फिरतो.

शेरीफच्या कचेरीत गेले. तिथला तो तरुण डेप्युटी, ज्यानं अजून आमच्या ग्रंथालयाचं एक पुस्तक परत केलेलं नाही, तो पेन खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे मॅडम, तुमच्या दारातला बर्फ कोणीतरी फुकट काढतंय, आणि त्याला अटक करायचीय?"

"तो माझ्या घराकडे टक लावून बघतो."

"त्याला माझा पत्ता द्या. माझ्याकडेही बघू दे."

सगळी कचेरी हसली. मीही हसले, काय करणार. पण आता संध्याकाळी दिवा न लावता स्वयंपाकघरात बसते. जेवते तेही अंधारातच, काल तर मांस भरलेल्या पेस्टीवर केचप म्हणून मुरंबा घातला. बाईमाणूस, एकटी, वयस्क. मी कोणाचं काय वाकडं केलंय ते आठवून पाहते आहे. ग्रंथालयाचा दंड सोडला तर काही आठवत नाही.

हेल्मी


७ फेब्रुवारी, शनिवार

आर्वो,

तुझं कार्ड आलं. निवडुंगाचं चित्र, आणि मागे एकच ओळ. सही नाही, 'प्रिय' नाही.

'मग आता ती परीक्षेला खिशात काय नेते?'

मी आधी हसले. वाटलं, चार वर्षांनी तोंड उघडलं तेही टोचून बोलायला. कार्ड खिडकीत ठेवलं, भांडी घासायला घेतली. आणि कढई हातात तशीच राहिली.

सगळं आवरून झालंय, असं ती म्हणाली होती. मी ते अहवालात गुण म्हणून लिहिलं, आर्वो. कॉलेज मिळालं नाही तर पुढे काय, असं मी तिला वाटेत कुठेतरी विचारलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "त्याच्या पुढचं मी पाहिलंच नाही." हे तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला ते निष्ठेचं वाक्य वाटलं. सगळ्याच उमेदवारांच्या तोंडी असली वाक्यं असतात. आणि मग तिनं, जिच्याशिवाय पाऊल टाकत नाही ती वस्तू काढून परक्या बाईला दिली, नि मी तिच्यावर 'स्वीकारता येत नाही' असा शिक्का मारून परत पाठवली.

डेट्रॉइटला प्रुइटबाईंना फोन केला. नाव घेतलं नाही, नुसतं विचारलं, एखाद्या उमेदवाराची काळजी वाटली तर मुलाखतीनंतर घरी फोन करावा का?

"काळजी म्हणजे कसली, हेल्मी? लेखी द्याल का? मी प्रवेश कार्यालयाला कळवते, ते अर्जाला जोडतील."

"अर्जाला जोडतील?"

"अर्थात. आणि तुम्ही स्वतः मात्र संपर्क करायचा नाही. त्यात उमेदवाराचंच नुकसान आहे."

म्हणजे बोलले तर तिच्या अर्जाला हे कायमचं चिकटणार, आणि तेवढ्यावरच तर ती पोर उभी आहे. नाही बोलले तर... पुढचं वाक्य मला लिहिता येत नाही. मी म्हटलं, "नको, व्याकरणाची शंका होती," आणि फोन ठेवला. त्यांना ते पटलं, हे माझ्याबद्दल काय सांगतं कोण जाणे.

शाळेत विचारावं तर शनिवार, शाळा बंद. बाहेर वादळ, वरचे रस्ते बंद करताहेत. आणि तो ट्रक आत्ताच येऊन गेला.

तू तिकडे ॲरिझोनातल्या रुग्णालयात रोज अशा पोरांच्या उशाशी बसतोस. हे पत्र पोचायला आठवडा जाईल, म्हणून पाकीट चिकटवून झालं की तुला फोन करणार आहे. आर्वो, भांडायचं असेल तर नंतर भांड. पण फोन उचल.


९ फेब्रुवारी

प्रिय आर्वो,

तू उचललास. मी इतक्या वर्षांचं भाषण तयार ठेवलं होतं, ते तुझ्या एका 'हॅलो'नं साफ विसरले. बरं झालं. त्यात उपमा फार होत्या.

तू म्हणालास, "सोमवारची वाट बघू नकोस, आत्ता तिच्या घरी फोन कर. आणि सरळ विचार. शब्द गिळायचा नाही. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते शिरत नाही. असेल तर बाहेर येतं." रौतिओंच्या घरचा फोन लागेना. वादळात वरच्या तारा तुटल्या होत्या. मग शेरीफच्या कचेरीत केला. त्या डेप्युटीला सगळं सांगितलं. तो या खेपेला हसला नाही. "वरचा रस्ता बंद आहे, मॅडम. ट्रकनं तो उघडला की आधी तिकडे," म्हणाला. त्यानंतर मला झोप लागली नाही.

काल उजाडताना तो ट्रक आला.

ऐक आता. बाहेर गुडघाभर बर्फ. रस्ता नाही. या गावात त्या क्षणी वर जाऊ शकणारी एकच गाडी होती, आणि तिच्यात तो माणूस बसला होता, ज्याच्या भीतीनं मी अंधारात जेवत होते. मी गाउनवर बाबांचा कोट चढवला, बर्फाचं फावडं हातात घेतलं आणि गेले. फावडं कशासाठी, ते मलाही ठाऊक नाही. दारावर ठोकलं.

दार उघडलं. भलामोठा माणूस, मिशीला बर्फ. माझ्याहून जास्त तोच घाबरलेला.

"मला वर खाणवस्तीत न्या," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. रौतिओंच्या घरी."

त्यानं टोपी काढली. मग म्हणाला, "मीच रौतिओ. डेल. काइसाचा बाप."

माझ्या हातातलं फावडं खाली पडलं. "ती कुठाय?"

"घरी. झोपलीय. माझी बहीण आहे तिच्यापाशी." आणि त्यानं समोरच्या काचेखालून माझं खोकं काढलं. माझंच अक्षर, माझीच सुबक चिठ्ठी. "हे माझ्या हाती पडलं. तुम्ही परत का पाठवलात?"

"भेटवस्तू घ्यायला आम्हाला बंदी आहे."

"ही भेटवस्तू नाही, बाई."

"मग काय आहे?"

"तेच विचारायला रोज येतोय तुमच्या दारात. आई गेली तेव्हा तिचा हात सोडून तिनं हा दगड धरला. आईच्या दफनातसुद्धा तो मुठीत होता. तो तुम्हाला का दिला? काय बोलली ती तुमच्याशी? माझ्याशी बोलतच नाही."

"मग दार का नाही वाजवलंत?"

तो स्टिअरिंगकडे बघत राहिला. "काय बोलायचं ते जुळेना. म्हणून बर्फ काढत होतो."

आर्वो, आपले बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं की नाही, सांग!

मी वर चढले. माझ्या नियमांची यादी मागे अंगणात राहिली. ती काय बोलली ते आणि तुझं 'सरळ विचार' हे वाक्य त्याला सांगितलं. तो म्हणाला, "विचारीन." मी म्हटलं, "आधी मला विचारून दाखवा. मोठ्यानं."

"काइसा, तू बरी आहेस ना?"

"हे सगळेच विचारतात. पुन्हा."

"काइसा... तुझ्या मनात काही वेडंवाकडं..."

"पुन्हा, मिस्टर रौतिओ."

वर तो पिवळा दिवा फिरत होता, आत तो माणूस काचेवरची वाफ पुसत होता. वीस टनांचा ट्रक हाकणारा माणूस आणि एक वाक्य पुढे ढकलवेना. किती वेळा 'पुन्हा' म्हटलं ते माहीत नाही. मिसेस बेनॉय खिडकीतून बघत होत्या. त्यांनी काय अर्थ लावला ते गावाला आत्तापर्यंत कळलं असेल. शेवटी तो म्हणाला, घोगऱ्या आवाजात, पण न थांबता, "काइसा, तू स्वतःचा जीव घ्यायचा विचार करतेयस का?"

"आता चला," मी म्हटलं.

वर वस्तीत पोचल्यावर मी ट्रकमध्येच थांबले. ते घर त्यांचं, प्रश्न त्यांचा. स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती, तिच्या मागे दोन सावल्या. मला आजवर जेवढे श्लोक पाठ आहेत त्यातला एकही आठवला नाही. तुझं ते भजन आठवलं, तेही अर्धंच.

तो बाहेर आला. दार धरून उभा राहिला. "हो म्हणाली," तो म्हणाला.

मार्केट शहरातल्या रुग्णालयापर्यंत रस्ता नव्हता. पुढचा रस्ता आम्हीच करत गेलो, फाळ खाली टाकून. डेप्युटी आपल्या गाडीतून मागोमाग, आमच्याच चाकोरीत. ती आमच्या दोघांच्या मधे बसली होती, बापाच्या जाकिटात, गुडघे छातीशी. पुष्कळ वेळानं हळूच म्हणाली, "मिस सारेला, हे अहवालात येणार?"

"अहवाल केव्हाच गेला. तो आता माझ्याही हातात नाही."

"कॉलेजला सांगू नका ना."

"माझ्याकडून नाही."

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला दाखल करून घेतलं. निघताना डेलनं अकीक माझ्या हातात दिला. "घरी ठेवला तर ती आणखी कोणाला तरी देऊन टाकेल," म्हणाला. "तुमच्याकडे राहू दे. मागायला आली तर द्या."

मागायला आली तर. हे 'तर' रिकाम्या मीठदाणीत घालून मी खिडकीत ठेवलंय.

हेल्मी


१४ मार्च

प्रिय आर्वो,

काइसा घरी आली आहे. डेल आठवड्यातून एकदा ग्रंथालयात येतो, ट्रॅक्टर-दुरुस्तीची पुस्तकं नेतो, ती न वाचता परत आणतो आणि तेवढ्यात तीन वाक्यं बोलतो. औषध चालू आहे. समुपदेशकबाईंकडे जाते. काल पॅनकेक खाल्ले. मी त्याला वेलचीचा पाव देते, तो 'भेटवस्तू चालते का' असं विचारून घेतो. विनोदबुद्धी आहे माणसाला, खोल गाडलेली.

पण निकाल या महिन्याच्या सव्वीस तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता आहे. तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की जानेवारीत तिच्या मनात तीच तारीख होती. नकार आला की मग, असं. ठरवून, आवरून. ती आता तसं म्हणत नाही. पण तारीख तर येणारच आहे, तिला कोण अडवणार?

प्रुइटबाईंचा काल फोन. "तुमच्या उमेदवाराबद्दल नंतर कळलेलं काही आहे, हेल्मी? समिती बसते आहे. तुम्ही त्या दिवशी काहीतरी विचारत होता..."

"काही नाही. दगडांविषयी तिला अजून पुष्कळ बोलता येईल, एवढं जोडा हवं तर."

खोटं बोलताना माझा आवाज कापत नाही, हे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. मी तिचं रहस्य राखलं, पण त्यानं तिला काय मिळेल? होकार आला तर ती हजार मैलांवर जाईल, जिथे तिच्याकडे कोणाचं लक्ष नसेल. नकार आला तर ती तारीख आहेच. कशासाठी प्रार्थना करू तेच समजत नाही. तू मला सांग, तुझ्या त्या वॉर्डमधली पोरं घरी गेल्यावर तू रात्री झोपतोस कसा?

तुझं दुसरं कार्ड पोचलं. पुन्हा निवडुंगच. 'निकालाच्या दिवशी ती एकटी नको.' बरं, ठरलंय तसं. डेलची बहीण येणार आहे, आणि रुग्णालयाचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. मी जायचं नाही. निकाल हातात घेताना मुलाखत घेणारी बाई समोर नको, असं समुपदेशकबाई म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. म्हणून डेलनं वेगळी तोड काढली. सगळं ठीक असेल तर तो ट्रक घेऊन माझ्या रस्त्यावरून जाईल. दिवा चालू.

"आणि बर्फ नसला तर?" मी विचारलं. आताच वितळायला लागलाय.

"ट्रक असेल की," तो म्हणाला.

हेल्मी


२७ मार्च

प्रिय आर्वो,

काल साडेसहापासून मी खिडकीत होते. सूप केलं होतं, त्याच्यावर साय धरली. सात वाजले. निकाल पडद्यावर आले असतील. सरोवराकडून वारा, रस्ता कोरडा ठाक, कडेला काळपट बर्फाचे ढीग. कोणी नाही. कुत्रं घेऊन मिसेस बेनॉय गेल्या, परत आल्या. फोनकडे बघत होते. मला फोन करायची परवानगी नव्हती, आणि तो वाजला तर काय ऐकू येईल, या धास्तीनं मी तो उशीखाली ठेवला.

ज्या दिव्यासाठी मी शेरीफकडे गेले होते, तोच दिसावा म्हणून ओट्याची कड धरून उभी होते. हातांना वळ उठलेत.

साडेसातही गेले. वरून खाली यायला लागतो तेवढा वेळ केव्हाच होऊन गेला होता. मी कोट घातला. काढला. पुन्हा घातला. आता वाटतं, मी मोठ्यानं काहीतरी बोलत होते; काय ते विचारू नकोस.

मग आधी आवाज आला. लोखंड डांबरावर घासल्याचा, दात शिवशिवतील असा. त्या वेड्या माणसानं कोरड्या रस्त्यावर फाळ खाली सोडला होता! ठिणग्या उडत होत्या. काउंटी त्याच्या पगारातून ते पातं कापून घेणार. पिवळा दिवा माझ्या भिंतीवरून, छतावरून, त्या मीठदाणीवरून फिरला. ट्रक थांबला नाही, नुसता हळू झाला. त्याच्या शेजारच्या उंच जागेवर कोणीतरी बसलं होतं. एक तळहात काचेला चिकटलेला दिसला.

मीही माझ्या काचेवर हात ठेवला. ट्रक वळणावर गेला. मग मी जमिनीवर बसले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

आज सकाळी प्रुइटबाईंचं पत्र संगणकावर आलं. तुमच्या उमेदवाराला प्रवेश देता आला नाही, यंदा स्पर्धा अतिशय तीव्र होती, तुमच्या सेवेबद्दल कृतज्ञ आहोत. मी उत्तर पाठवलं, की पुढच्या वर्षी मला उमेदवार पाठवू नयेत. आणि खाली एक संस्कृत समास घातला, जो सोडवायला त्यांना वेळ लागेल.

ट्रकला उशीर का झाला, ते डेलनं दुपारी सांगितलं. निकाल वाचून ती गप्प बसली. खूप वेळ. त्यानं तो प्रश्न पुन्हा विचारला, तसाच, न गिळता. ती म्हणाली, "आज नाही, बाबा." मग म्हणाली, "तुमच्याबरोबर ट्रकमध्ये येऊ का?"

आज नाही. एवढ्यावर आम्ही सगळे उभे आहोत.

हेल्मी


२ मे

प्रिय आर्वो,

सरोवराचा बर्फ फुटला. किनाऱ्यावर लोक मान खाली घालून अकीक शोधत हिंडताहेत. मीठदाणी अजून खिडकीत होती, आणि रोज सकाळी मी आधी तिच्याकडे बघायचे, मग कॉफीकडे.

आज दुपारी काइसा आली. ग्रंथालयात नाही, घरी. मी दारातच उभी राहिले, सवयीनं. तिला आत घेऊ की नको, हे मला अजून ठरवता येत नाही. केस कापलेत. वाळली आहे. जवळच्या विद्यापीठात जाणार म्हणाली, तिथूनही खडक दिसतात. ते सांगताना डोळे लखलखले नाहीत, पण मिटलेही नाहीत.

"मिस सारेला, तुमच्याकडे माझा एक दगड आहे ना?"

"आहे."

"मी तो तुम्हाला दिला होता."

"दिला होतास."

ती पायरीवरच्या चिखलाकडे बघत होती. "परत मागितला तर फार वाईट दिसेल का?"

मी आत गेले. मीठदाणी आणली. तिच्या तळहातावर उपडी केली. एक वाक्य मला झोपेतही म्हणता येतं.

"भेटवस्तू घ्यायला," मी म्हटलं, "आम्हाला सक्त मनाई आहे."

ती हसली, आर्वो. मूठ मिटली आणि ती मूठ कोटाच्या खिशात गेली.

तिची परीक्षा सोमवारी आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला, पण हे घे.

हेल्मी